उत्तर समुद्रात तेल-वायूकडून कमी कार्बनच्या ऊर्जेकडे: एकत्रित नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीचे विद्यार्थी, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर काम करणारे तंत्रज्ञ आणि ऊर्जाधोरणाचे अभ्यासक यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. उदाहरणे मुख्यतः ब्रिटन, नॉर्वे आणि नेदरलँड्सच्या समुद्रातली आहेत, कारण हे काम तिथे सर्वात पुढे गेले आहे. मुंबई हायचा प्रश्न नेहमी येतो, त्याचे उत्तर शेवटी दिले आहे.

एकत्रित नियोजन म्हणजे नेमके काय?

उत्तर समुद्रात आज चार मोठी कामे एकाच वेळी चालू आहेत. उरलेले तेल आणि वायू काढणे, जुने प्लॅटफॉर्म व विहिरी बंद करणे, पवनचक्क्या उभारणे आणि कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली कायमचा साठवणे. समुद्रात हायड्रोजन तयार करणे हे पाचवे काम, ते अजून चाचणीच्या टप्प्यात आहे. या सगळ्यांना तोच समुद्रतळ लागतो, त्याच अवजड क्रेनच्या बोटी लागतात, तीच बंदरे, तीच कुशल माणसे आणि किनाऱ्यावरची तीच सबस्टेशने लागतात. ही कामे एका नकाशावर आणि एका कालपटावर मांडणे म्हणजे एकत्रित नियोजन.

कालपटाला जास्त महत्त्व आहे. केबल, पंप, विहिरी, तरंगत्या पवनचक्क्या यांचे तंत्र बऱ्याच अंशी हाताशी आहे. नुकसान होते ते क्रम चुकल्याने: साठवणुकीचा प्रकल्प मंजूर होण्याआधी उपयोगी विहीर बुजवली जाते, किंवा केबल पोहोचेपर्यंत तेलक्षेत्रच बंद पडते.

मग नियोजनाची सुरुवात कुठून करायची?

उत्पादन बंद होण्याच्या तारखांपासून. प्रत्येक क्षेत्राला एक दिवस असा येतो की तेल-वायू विकून मिळणारे पैसे चालवण्याच्या खर्चाला पुरत नाहीत. बाकीचे सगळे निर्णय या तारखेला बांधलेले असतात. म्हणून पहिला तक्ता असा करावा की प्रत्येक प्लॅटफॉर्मपुढे ही तारीख तीन अंदाजांत लिहिलेली असेल: लवकरात लवकर, बहुधा आणि उशिरात उशिरा. एकच तारीख लिहिली की सगळे तिलाच धरून बसतात आणि तेलाचा भाव पडला की आराखडा कोसळतो.

दुसरा तक्ता पाइपलाइनचा. व्यास, भिंतीची जाडी, पोलादाची प्रत, मूळ दाबमर्यादा, शेवटची अंतर्गत तपासणी कधी झाली आणि त्यात किती झीज दिसली. तिसरा विहिरींचा. यात चालू विहिरींइतक्याच, किंबहुना जास्त महत्त्वाच्या असतात त्या कधीकाळी खोदून सोडून दिलेल्या शोधविहिरी. चौथा विजेचा: प्रत्येक प्लॅटफॉर्मवर सरासरी आणि कमाल भार किती, त्यातला कॉम्प्रेसर व पंपांचा किती, उष्णतेची गरज किती, यंत्रणा ५० हर्ट्झची की ६० हर्ट्झची. पाचवा समुद्रतळावरच्या हक्कांचा: कोणाला कशाचा परवाना कधीपर्यंत.

हे पाच तक्ते एकमेकांवर ठेवले की बरेच पर्याय आपोआप गळून पडतात, आणि जे उरतात त्यांचाच सविस्तर अभ्यास करावा. बहुतेक ठिकाणी उलट होते. आवडता प्रकल्प आधी ठरतो आणि माहिती नंतर गोळा केली जाते.

प्लॅटफॉर्मवर उत्सर्जन होते तरी कशातून?

मोठा वाटा वीज आणि कॉम्प्रेशनसाठी जाळल्या जाणाऱ्या वायूचा आणि डिझेलचा. त्याखालोखाल फ्लेअर, म्हणजे जादा वायू जाळणे, आणि व्हेंट, म्हणजे न जाळता सोडून देणे. व्हेंटमधून मिथेन बाहेर जातो, म्हणून त्याचे वजन कमी असले तरी परिणाम मोठा.

आकडा डोळ्यासमोर असावा म्हणून एक हिशेब. प्लॅटफॉर्मचा सततचा भार २५ मेगावॅट धरा. वर्षाला २१९ गिगावॅट-तास वीज लागेल. समुद्रातल्या साध्या गॅस टर्बाइनची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर ७३० गिगावॅट-तास उष्णतेचा वायू जळतो आणि साधारण १.४६ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षानुवर्षे उत्पादन घटते, पण भार त्या प्रमाणात घटत नाही. तेलाबरोबर पाणी वाढत जाते आणि ते पाणी पंप करावेच लागते. त्यामुळे जुन्या क्षेत्रात पिंपामागचे उत्सर्जन चढत जाते.

ब्रिटनमध्ये मार्च २०२१ च्या नॉर्थ सी ट्रान्झिशन डीलनुसार उद्योगाने २०१८ च्या तुलनेत उत्पादनातले उत्सर्जन २०२५ पर्यंत १० टक्के, २०२७ पर्यंत २५ टक्के आणि २०३० पर्यंत ५० टक्के कमी करायचे ठरले. नित्याचे फ्लेअरिंग आणि व्हेंटिंग २०३० पर्यंत शून्यावर आणायचे आहे.

प्लॅटफॉर्मला वीज पुरवण्याचे मार्ग कोणते?

पहिला, किनाऱ्यावरून केबल. नॉर्वेतल्या ट्रोल ए प्लॅटफॉर्मला १९९६ पासून जमिनीवरून वीज मिळते. वाल्हालला २०१३ पासून सुमारे २९२ किलोमीटरच्या डीसी केबलने ७८ मेगावॅटची सोय आहे. योहान स्वेरड्रुपच्या पहिल्या टप्प्याला २०१८ मध्ये सुमारे २०० किलोमीटरवरून १०० मेगावॅट आणले गेले आणि दुसऱ्या टप्प्यात आणखी २०० मेगावॅटची भर पडली. अंतर साधारण ८० ते १०० किलोमीटरपलीकडे गेले की एसी केबल स्वतःच्याच धारितेसाठी इतका प्रवाह खाते की डीसी परवडू लागते. पण डीसीसाठी दोन्ही टोकांना कन्व्हर्टर हवेत आणि समुद्रातला कन्व्हर्टर म्हणजे हजारो टनांचे वेगळे बांधकाम.

दुसरा, जवळच्या पवनचक्क्या. नॉर्वेतले हायविंड टँपेन हे याचे सर्वात बोलके उदाहरण. ११ तरंगत्या पवनचक्क्या, सुरुवातीची नोंदवलेली क्षमता ८८ मेगावॅट, किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटर, पाण्याची खोली २६० ते ३०० मीटर. नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिली वीज आली आणि २०२३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाला. स्नोर आणि गुलफाक्स या तेलक्षेत्रांतल्या पाच प्लॅटफॉर्मची वर्षाची सुमारे ३५ टक्के गरज यातून भागेल असे गणित होते.

तिसरा मार्ग दोन्हींचा मेळ: पवनक्षेत्र प्लॅटफॉर्मलाही वीज देते आणि उरलेली किनाऱ्याकडे पाठवते. स्कॉटलंडच्या इन्टॉग योजनेत (नवे प्रयोग आणि तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मला वीज देणारी पवनक्षेत्रे यांसाठी समुद्रतळ देण्याची योजना) मार्च २०२३ मध्ये १३ प्रकल्प निवडले गेले, त्यातले बरेच याच धर्तीचे. नवीन काही उभारायचे तर आमच्या मते हाच मार्ग सर्वात शहाणपणाचा. प्लॅटफॉर्मचे आयुष्य दहा-पंधरा वर्षे, पवनचक्कीचे पंचवीस-तीस. गिऱ्हाईक एकच, तेही जाणारे, असेल तर कर्ज कोण देणार?

जुन्या प्लॅटफॉर्मचे विद्युतीकरण अडते कुठे?

बऱ्याच ठिकाणी अडते आणि यातल्या बहुतेक गोष्टी आर्थिक अहवालात दिसत नाहीत, म्हणून जरा विस्ताराने.

वजन आणि जागा: ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर यांना काहीशे टनांपर्यंत वजनाची मोकळीक लागते. जुन्या डेकवर ती नसते. कधी जुने ड्रिलिंग मॉड्यूल उतरवल्यावर जागा होते, पण तेही क्रेनच्या बोटीचे काम.

फ्रीक्वेन्सी: अनेक प्लॅटफॉर्म ६० हर्ट्झवर चालतात, युरोपचे ग्रिड ५० हर्ट्झवर. कन्व्हर्टर किनाऱ्यावर ठेवला तर समुद्रातले वजन वाचते, पण मग त्याच केबलवर ५० हर्ट्झचा शेजारी प्लॅटफॉर्म जोडता येत नाही. हा निर्णय समूहातल्या सगळ्यांनी एकत्र घ्यायचा असतो.

थेट जोडलेले कॉम्प्रेसर: अनेक ठिकाणी गॅस टर्बाइन जनित्र न फिरवता थेट कॉम्प्रेसरच फिरवते. नुसती वीज आणून इथे काही साधत नाही. टर्बाइन काढून मोटर बसवावी लागते, पाया बदलतो, शाफ्टच्या कंपनांचा अभ्यास नव्याने करावा लागतो. म्हणून पुष्कळ प्लॅटफॉर्मवर फक्त वीजनिर्मितीपुरते, अर्धवट विद्युतीकरण होते. प्राथमिक अंदाजात हे वगळले तर कपातीचा आकडा फुगतो.

उष्णता: टर्बाइनच्या गरम धुराड्यातून तेल तापवण्यासाठी उष्णता फुकट मिळत होती. टर्बाइन बंद केले की ती विजेच्या हीटरने द्यावी लागते आणि विजेचा भार वाढतो. केबलची क्षमता ठरवल्यानंतर हे लक्षात आले तर फार महागात पडते.

तरंगती उत्पादन जहाजे: जहाज वाऱ्याप्रमाणे नांगराभोवती फिरते, म्हणून वीज फिरत्या जोडणीतून न्यावी लागते. त्या जोडणीत उच्च दाबाच्या केबलसाठी रिकामी वाट आधीपासून ठेवली नसेल तर ती नंतर काढणे जवळपास अशक्य.

शटडाउन: जोडणीसाठी उत्पादन काही आठवडे बंद ठेवावे लागते. ते नेहमीच्या नियोजित शटडाउनमध्ये बसवले नाही तर बुडालेल्या उत्पादनाचा खर्च यंत्रांच्या खर्चाच्या जवळ जातो.

वारा पडला तर प्लॅटफॉर्म बंद पडतो का?

नाही. एक गॅस टर्बाइन चालू ठेवले जाते. अडचण वेगळीच आहे. टर्बाइन फार कमी भारावर चालवले की त्याची कार्यक्षमता घसरते आणि नायट्रोजन ऑक्साइडवर नियंत्रण राहत नाही, म्हणून साधारण ४० ते ५० टक्क्यांखाली ते नेत नाहीत. दोन टर्बाइन निम्म्या-निम्म्या भारावर फिरत असतील तर आधी बॅटरी बसवावी. एक टर्बाइन अचानक बंद पडल्यावर दुसरे सुरू होईपर्यंतची मिनिटे बॅटरी सांभाळते, आणि राखीव म्हणून फिरणारे टर्बाइन बंद ठेवता येते. केबलची वाट न पाहता करता येणारे हे काम आहे.

जुन्या वायूच्या पाइपलाइनमधून कार्बन डायऑक्साइड नेता येतो का?

कधीकधी. प्रत्येक पाइपलाइनची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

पहिली परीक्षा दाबाची. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बार. त्यावरच्या दाबात तो द्रवासारखा दाट राहतो आणि थोड्या व्यासातून पुष्कळ जातो. व्यवहारात १०० बारच्या वर चालवणे सोयीचे. जुन्या पाइपचा दाब इतका झेपत नसेल तर वायुरूपात, ३५-४० बारखाली न्यावा लागतो आणि मग क्षमता खूप घटते. वाटेत मधल्या दाबात दोन अवस्था एकत्र आल्या तर पाइपला हिसके बसतात. ते टाळावेच लागते.

दुसरी परीक्षा पोलादाच्या चिवटपणाची. दाट कार्बन डायऑक्साइडच्या पाइपला चीर गेली तर आतला दाब पटकन उतरत नाही, आणि चीर पाइपच्या लांबीने धावत जाऊ शकते. जुन्या पाइपच्या पोलादाचे आघात-चाचणीचे मूळ कागद नसतील तर नमुना कापून तपासावा लागतो.

तिसरी पाण्याची. पाणी मिसळले की कार्बोनिक आम्ल होते आणि साधे पोलाद वर्षाला काही मिलिमीटर वेगाने झिजू शकते. म्हणून पाण्याची मर्यादा दशलक्षात ३० ते ५० भाग इतकी कडक ठेवतात. नुसते पाणी मोजून भागत नाही. नायट्रोजन ऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन हे प्रत्येकी मर्यादेत असूनही एकत्र आल्यावर नायट्रिक किंवा सल्फ्युरिक आम्ल तयार करू शकतात. वेगवेगळ्या कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड एकाच पाइपमध्ये येणार असेल तर मिश्रणाची चाचणी हवी, नुसत्या एकेका प्रवाहाची पुरत नाही.

उपयोगी पाइपलाइन वेळेत राखून ठेवली गेल्याचे उदाहरण आहे का?

स्कॉटलंडच्या पूर्वेला गोल्डनआय हे वायुक्षेत्र होते. उत्पादन २०११ मध्ये थांबले. पीटरहेडच्या वीजकेंद्रातला कार्बन डायऑक्साइड तिथे साठवण्याची योजना होती, पण नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यामागची एक अब्ज पौंडांची स्पर्धा रद्द केली. बंद प्लॅटफॉर्म सांभाळायचा खर्च दरवर्षी होतो, म्हणून पुढे तो हटवण्याचा आराखडा झाला. किनाऱ्यावरच्या सेंट फर्गस वायूकेंद्राकडे जाणारी सुमारे १०० किलोमीटरची २० इंची पाइपलाइन मात्र एकॉर्न या कार्बन साठवणुकीच्या प्रकल्पासाठी राखली गेली. पाइप राखणे तुलनेने स्वस्त असते: आत कोरडा नायट्रोजन किंवा रसायनयुक्त पाणी भरून बंद करायचे आणि बाहेरचे गंजरोधक अॅनोड तपासत राहायचे. प्लॅटफॉर्म आणि विहिरी राखणे महाग. काय राखायचे आणि काय सोडायचे, याचा निर्णय म्हणून वेगवेगळा घ्यावा.

कार्बन डायऑक्साइड रिकाम्या वायुक्षेत्रात भरावा की खाऱ्या पाण्याच्या भूस्तरात?

रिकामे वायुक्षेत्र ओळखीचे असते. दशकांचा दाबाचा इतिहास हातात असतो आणि वायू लाखो वर्षे टिकला म्हणजे वरचा खडक घट्ट आहे हे सिद्ध झालेले असते. अडचण दोन ठिकाणी. दाब इतका उतरलेला असतो की १०० बारचा कार्बन डायऑक्साइड आत शिरताना प्रसरण पावून प्रचंड थंड होतो. २० बारला त्याचे उकळण्याचे तापमान उणे १९-२० अंशांच्या आसपास असते. विहिरीतले पाणी गोठते, हायड्रेटचे, म्हणजे पाणी आणि वायू मिळून होणाऱ्या बर्फासारख्या घन पदार्थाचे खडे होतात, सिमेंट आकसून पोलादापासून सुटते. म्हणून सुरुवातीची काही वर्षे कमी वेगाने, कधी तापवून भरावे लागते. दुसरी अडचण जुन्या विहिरींची. रॉटरडॅमचा पोर्थोस प्रकल्प अशा रिकाम्या क्षेत्रांचा वापर करतो: किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटर, वर्षाला २५ लाख टन, १५ वर्षे, एकूण सुमारे ३.७ कोटी टन.

खाऱ्या पाण्याच्या भूस्तरात जागा मोठी, जुन्या विहिरी कमी, पण माहिती थोडी. नॉर्वेच्या स्लाइपनरमध्ये १९९६ पासून उत्सिरा वालुकाश्मात वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड भरला गेला. नॉर्वेने १९९१ मध्ये लावलेल्या कार्बन करामुळे ते परवडले. स्नोव्हिटमध्ये मात्र २००८ मध्ये सुरुवात झाल्यावर ट्यूबोएन थरातला दाब अपेक्षेपेक्षा खूप लवकर चढला, कारण थर लहान-लहान कप्प्यांत विभागलेला निघाला. २०११ मध्ये वरच्या स्टो थरात छिद्रे पाडून भरणे चालू ठेवावे लागले. दुसरा थर हाताशी होता म्हणून प्रकल्प वाचला. आराखड्यात राखीव थर किंवा राखीव विहीर नसेल तर तो मंजूर करू नये.

जुन्या विहिरींची एवढी काळजी का?

कारण गळती झालीच तर ती बहुधा तिथून होईल. त्या काळी सिमेंटचा बूच तेल-वायू रोखण्यासाठी बसवला, आम्लाचा विचार कोणी केला नव्हता. समुद्रतळाखाली काही मीटरवर आवरणनळ्या कापून टाकलेल्या असल्याने पुन्हा त्याच विहिरीत शिरणे अत्यंत अवघड. ब्रिटनमध्ये मोडीत काढण्याच्या एकूण खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग विहिरी बुजवण्यावर जातो. साठवणुकीसाठी विचारात असलेल्या क्षेत्रातली विहीर बुजवताना तीस मीटरचा नेहमीचा बूच पुरेसा न मानता वरच्या घट्ट खडकाच्या समोर, खडकाला थेट भिडणारे सिमेंट घालणे आजच शक्य असते. जादा खर्च थोडा, आणि पुढे पूर्ण साठा वापरता येतो. साठवणूक होणार की नाही हे ठरलेले नसतानाही हा खर्च करावा, असे आमचे ठाम मत आहे.

पवनचक्क्या आणि कार्बनसाठा एकाच जागी चालतात का?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. ऑर्स्टेडचे हॉर्नसी फोर पवनक्षेत्र आणि बीपीच्या पुढाकारातला एन्ड्युरन्स कार्बनसाठा यांच्या सीमा एकमेकांवर आल्या. साठ्यातला कार्बन डायऑक्साइड कुठे सरकतो हे पाहायला भूकंपीय सर्वेक्षणाचे जहाज मागे काही किलोमीटर लांब केबल ओढत फिरते. एकेक किलोमीटरवर पवनचक्क्या असतील तर ते तिथे फिरू शकत नाही. पर्याय म्हणून समुद्रतळावर ठेवायचे ध्वनिग्राहक आहेत, ते चालतात पण महाग पडतात. शिवाय गळती झाल्यास दुरुस्तीचा रिग विहिरीजवळ यायला जागा हवी आणि हेलिकॉप्टरला मोकळी वाट हवी.

दोन्ही बाजूंत २०१३ मध्येच एक करार झाला होता, तरी पवनक्षेत्राच्या परवानगीच्या सुनावणीत वाद लांबला. हॉर्नसी फोरला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. एन्ड्युरन्सच्या वाहतूक-साठवण प्रकल्पाचा गुंतवणूक निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये झाला. मे २०२५ मध्ये ऑर्स्टेडने वाढलेल्या खर्चाचे कारण देऊन हॉर्नसी फोर त्या स्वरूपात थांबवला. यातून घ्यायचे ते इतकेच: भाडेपट्टा देण्याआधी त्याखालच्या भूस्तराचा नकाशा पाहायचा, आणि सामायिक जागेत पवनचक्क्यांच्या रांगांमध्ये सर्वेक्षणाची मार्गिका व विहिरींभोवती मोकळे वर्तुळ पहिल्याच दिवशी आखायचे.

समुद्रातच हायड्रोजन तयार करणे परवडेल का?

अंतर खूप असेल आणि किनाऱ्यावरच्या ग्रिडला जागा नसेल तरच. १०० मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन काढणारे यंत्र, पूर्ण भाराने चालला तर एक किलोला सुमारे ५३ युनिट धरून दिवसाला ४५ टन हायड्रोजन मिळतो. त्यासाठी सुमारे ४५० घनमीटर शुद्ध पाणी लागते. समुद्राचे पाणी गोडे करायला लागणारी वीज त्या मानाने नगण्य, एकूण विजेच्या हजारात एक भागाहूनही कमी. खरे ओझे उष्णतेचे आहे. दिलेल्या विजेतला तीस टक्क्यांच्या आसपास भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि तो समुद्राच्या पाण्याने थंड करायला पंप, उष्णताविनिमयक व त्यांची देखभाल लागते. नेदरलँड्समध्ये क्यू१३ए या प्लॅटफॉर्मवर साधारण एक मेगावॅटचा पोसहायडन प्रकल्प हेच अनुभव घेण्यासाठी आखला गेला.

पाइपचे म्हणाल तर आकारमानाने हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या एकतृतीयांश ऊर्जा असते, पण तो जास्त वेगाने वाहतो, त्यामुळे पाइपची ऊर्जावाहक क्षमता तितकी घटत नाही. कॉम्प्रेसर मात्र नवे लागतात आणि जोडांमधले कडक पोलाद ठिसूळ होण्याचा धोका तपासावा लागतो.

जुने प्लॅटफॉर्म तसेच ठेवून त्यांवर काहीतरी नवे करता येणार नाही का?

क्वचित. ओस्पार या ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९९८ च्या निर्णयानुसार जुने बांधकाम समुद्रात टाकून देण्यास किंवा तसेच सोडण्यास मनाई आहे. सूट मागता येते ती मुख्यतः काँक्रीटच्या पायांसाठी आणि ९ फेब्रुवारी १९९९ पूर्वी बसवलेल्या १० हजार टनांहून जड पोलादी जॅकेटच्या (प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या सांगाड्याच्या) तळासाठी. ब्रेंट डेल्टाचा सुमारे २४ हजार टनांचा वरचा भाग एप्रिल २०१७ मध्ये पायोनियरिंग स्पिरिट या जहाजाने एकाच उचलीत काढला. चाळीस वर्षे लाटा झेललेल्या जॅकेटमध्ये धातूचा थकवा साचलेला असतो. त्यावर आणखी पंचवीस वर्षे नवे यंत्र ठेवण्यापेक्षा नवा, माणसांविना चालणारा छोटा प्लॅटफॉर्म बहुधा स्वस्त पडतो.

हा सगळा मेळ घालतो कोण?

ब्रिटनमध्ये नॉर्थ सी ट्रान्झिशन ऑथॉरिटी तेल-वायू आणि कार्बनसाठ्याचे परवाने देते, समुद्रतळ क्राउन इस्टेट आणि क्राउन इस्टेट स्कॉटलंडकडे, ग्रिडचे नियमन ऑफजेमकडे. एकाच प्रकल्पाला या सगळ्यांची दारे ठोठवावी लागतात. याच संस्थांपैकी काहींनी मिळून केलेला एकत्रीकरणाचा अभ्यास २०२० मध्ये पूर्ण झाला, आणि अडथळे तंत्रापेक्षा नियमांच्या जोडणीत जास्त आहेत हे त्यातून समोर आले. व्यवहारात तीन वेळापत्रके जुळवावी लागतात: परवाना, ग्रिडजोडणी, आर्थिक हमी. सर्वात मागे राहते ती बहुधा ग्रिडजोडणी.

मच्छीमारांचे काय?

त्यांना आखणीच्या आधी बोलवावे, नंतर नुकसानभरपाईपुरते नाही. तळावर जाळे ओढणाऱ्या बोटींना उघडी केबल, अर्धवट कापलेली विहीर आणि दगडांचा ढीग हे तिन्ही धोक्याचे. केबल एक ते दीड मीटर पुरणे आणि सोडलेल्या प्रत्येक वस्तूचे अचूक स्थान त्यांच्या नकाशायंत्रात पोहोचवणे ही किमान अपेक्षा.

तेलक्षेत्रात काम केलेल्यांना पवनऊर्जेत लगेच काम मिळते का?

कौशल्य चालते, प्रमाणपत्र अडवते. तेल-वायूत बोसिएट हे चार वर्षांचे प्रमाणपत्र चालते, त्यात बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचा सराव असतो. पवनऊर्जेत जीडब्ल्यूओ (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) या संस्थेच्या प्रशिक्षणाचे वेगळे पाच भाग मागतात: प्रथमोपचार, वजन हाताळणे, आग, उंचीवरचे काम, समुद्रात तग धरणे, आणि त्यांची मुदत साधारण दोन वर्षे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२५ पासून दोन्हींची सांगड घालणारा कौशल्य-पासपोर्ट सुरू झाला आहे. इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, रिगिंग आणि केबल जोडणीचा अनुभव असलेल्यांना सर्वात आधी मागणी येते. बाहेर जाऊ पाहणाऱ्या इकडच्या तंत्रज्ञांनी उंचीवरच्या कामाचे आणि उच्च दाबाच्या विद्युत सुरक्षेचे प्रशिक्षण आधी पुरे करावे.

मुंबई हायला यातले काय लागू पडते?

किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरचे हे क्षेत्र सागर सम्राट रिगने १९७४ मध्ये शोधले आणि २१ मे १९७६ रोजी तिथून उत्पादन सुरू झाले. वय, वाढते पाणी, गॅस टर्बाइन, उरणपर्यंतच्या लांब पाइपलाइन हे सगळे उत्तर समुद्राशी जुळणारे. तरी तिकडचा आराखडा उचलून इकडे ठेवता येणार नाही.

वारा पहिले कारण. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. सरासरी ७ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात १० मीटरच्या मानाने सुमारे एकतृतीयांश शक्ती असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा वारा मन्नारच्या आखाताएवढा जोरदार नाही. केंद्राने जून २०२४ मध्ये मंजूर केलेली ७,४५३ कोटी रुपयांची योजनाही गुजरात आणि तामिळनाडूच्या प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी आहे. शिवाय वारा जोरात असतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हाच समुद्रावर काम करता येत नाही. बांधणी व दुरुस्ती ऑक्टोबर ते मेमध्येच उरकावी लागते.

केबलचे अंतर डीसीच्या पट्ट्यात येते आणि किनाऱ्यावरची वीज अजून बरीचशी कोळशाची. अशा विजेने प्लॅटफॉर्म चालवला तर उत्सर्जन फक्त जागा बदलते. म्हणून इथे क्रम वेगळा हवा: आधी फ्लेअर आणि व्हेंट मोजून कमी करणे, मग टर्बाइनच्या धुराड्यातली उष्णता वापरणे, राखीव टर्बाइनऐवजी बॅटरी, आणि नंतर केबलचा विचार.

कार्बन साठवणुकीसाठी मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीचा आहे. आम्लधर्मी पाण्यात चुनखडी विरघळते, विहिरीच्या तोंडाशी पोकळ्या होऊ शकतात, म्हणून उत्तर समुद्रातल्या वालुकाश्मांवरचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावू नयेत. आधी विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांवर प्रयोग हवेत. स्रोत शोधताना थळच्या खत कारखान्याकडे पहिले बोट जाते, पण अमोनिया करताना निघणारा शुद्ध कार्बन डायऑक्साइड युरियातच वापरला जातो. त्यापेक्षा माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतली हायड्रोजन संयंत्रे आधी तपासावीत.

यातले एक काम आज सुरू करता येईल. १९७० च्या दशकापासून खोदलेल्या प्रत्येक विहिरीची सिमेंटची नोंद, नळ्यांचे मोजमाप आणि बुचांची खोली एका ठिकाणी संगणकीय स्वरूपात आणणे, आणि ज्या अभियंत्यांनी त्या विहिरी बांधल्या त्यांच्याकडून अपुऱ्या नोंदी पूर्ण करून घेणे.